परत गेलेली भाकर

प्रिय धाकट्या,

काल आईने पुन्हा प्रभुभोजनाची भाकर घेतली नाही. चर्चचे पाळक ती छोटी चामडी पेटी घेऊन आले, पलंगाशेजारी स्टूल ओढून बसले, प्रार्थना केली, भाकरीचा तुकडा पुढे केला आणि आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांनी तुकडा परत ठेवला आणि पेटी मिटली. जिन्यात मला हळूच म्हणाले, आईंना स्वतःच्या तारणाची खात्री वाटत नसावी. डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलंय की आता दिवस थोडे आहेत. म्हणजे जन्मभर एकही उपासना न चुकवलेली बाई प्रभुभोजनावाचून जाणार, आणि मी ते उघड्या डोळ्यांनी बघत बसायचं. मला आता खरंच वैताग आलाय रे.

मागच्या वेळी हेच झालं तेव्हा तुला फोन केला. तू काय केलंस, तर प्रवचन पाठवलंस. चांगलं लांबलचक, तुझ्या आवाजात रेकॉर्ड केलेलं. माणूस नियम पाळून नीतिमान ठरत नाही, विश्वासाने ठरतो. तारण ही कमाई नाही, देणगी आहे. आई नियमशास्त्राच्या ओझ्याखाली दबली आहे, ताई, तिला मोकळं कर. मी मोकळं करू? मी दिवसभर वर्कशॉपमध्ये लोकांच्या कवळ्या घासते, नखांत प्लास्टर घेऊन घरी येते, तिची कूस बदलते, चादर बदलते, चमच्याने भरवते. तुझ्याकडे विश्वास आहे, तिच्याकडे नियमशास्त्र आहे आणि माझ्याकडे बेडपॅन आहे. तरी ऐकवलं तिला, कानाशी फोन धरून. डोळे मिटून तिने अख्खं ऐकलं आणि म्हणाली की याचा घसा बसलाय, गुळण्या करतो की नाही कोण जाणे. बाकी तो सांगतोय ते बरोबरच आहे, हे मला संडे स्कूलपासून माहीत आहे. झालं. तुझ्या प्रवचनाची एवढीच दखल.

तिचे नियम काय होते ते मला नको सांगूस, मीही त्याच घरात वाढले. रविवारी सुईला हात लावायचा नाही म्हणून तुझ्या शर्टाचं तुटलेलं बटण तसंच राहिलं होतं आणि सोमवारी तू सेफ्टी पिन लावून शाळेत गेलास. पोरं हसली म्हणून घरी येऊन दप्तर आपटलंस. तू तिथूनच देवाच्या कृपेकडे वळलास असं मी गमतीने म्हणते, पण त्यात तथ्य आहे. माझ्या वाट्याला फक्त चिडकेपणा आला.

काल पाळक गेल्यावर मात्र माझा तोल सुटला. मी म्हटलं, आई, प्रभूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या त्या चोराने कुठला नियम पाळला होता? त्याला स्वर्ग मिळतो आणि तुला नाही, असं कसं? ती शांतपणे म्हणाली की त्या चोराचे हातपाय खिळलेले होते, तो कोणाच्या दारात जाऊन समेट करणार होता? माझे इतकी वर्षं धडधाकट होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला देवाची भीती नाहीच. आपल्या चर्चच्या मंडळीतली ती जुनी रीत आठव. ज्याच्याशी अबोला असेल त्याच्या दारात शनिवारी जायचं, मिटवायचं, आणि मिटलं नाही तर रविवारी सगळे भाकर घ्यायला उठले तरी आपण बाकावर बसून राहायचं. मोरीच्या पाण्यावरून शेजारच्या शिंप्याशी भांडण झालं तेव्हा आपल्या दोघांचे हात धरून ती त्याच्या दुकानात गेली होती. तो बिचारा टेप गळ्यात घालून नुसता बघतच राहिला.

तुझ्या लग्नापासून आईने एकदाही भाकर घेतलेली नाही, धाकट्या. कोणाला पत्ता लागला नाही, कारण भाकर कापायचं काम तिचंच. सगळे पुढे जायचे तेव्हा ती आतल्या खोलीत सुरी पुसत असायची. आता अंथरुणाला खिळली म्हणून उघड झालं.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळात आईही होती, पण त्यांच्या त्या सभेबद्दल आपण कधी धड बोललोच नाही. तू घटस्फोट झालेल्या बाईशी लग्न केलंस, तुम्हा दोघांची नावं मंडळीतून काढायचं ठरलं, आणि हात वर करा म्हटल्यावर आईनेही केला. पोटच्या पोराविरुद्ध. त्यासाठी मीही तिच्याशी महिनोन्‌महिने नीट बोलले नव्हते. पण तूही काय केलंस? दुसऱ्या गावात कृपेची मंडळी उभी केलीस आणि मला दर वेळी ऐकवतोस की मी आईला विश्वासाने केव्हाच क्षमा केली आहे. केलीस ना? मग उंबरा का ओलांडत नाहीस? माझ्या धंद्यातलं सांगते. कवळी कितीही सुबक बसणारी असली तरी पेल्यात ठेवून घास चावला जात नाही. तुझा विश्वास सध्या पेल्यात आहे.

मी आईला म्हटलं, थांब, त्याला उद्याच बोलावते, आला की पाळकांना परत बोलवू. तिने मान हलवली. म्हणाली, त्याचं काय, तो माझा आहे, रुसेल आणि येईल. हात मी त्याच्या बायकोविरुद्ध वर केला होता. ती बाहेरच्या बाकावर बसली होती, मी बाहेर आले तेव्हा उठून उभी राहिली, आणि मी खाली बघत निघून गेले. मुलाने मला माफ केलं म्हणे. तिला विचारलं का त्याने? धाकट्या, हे मीही विचारते. विचारलंस का? म्हणून हे पत्र तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे. तिला वाचून दाखव, मधे काही समजावू नकोस. सांग की म्हातारीला तुझ्या दारात यायचं होतं, पण पाय राहिले नाहीत, तेव्हा तू येशील का, असं आई विचारते. ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क आहे, पण तेही मला कळवा, असं आई म्हणते. पाळकांना मी तोवर येऊ नका म्हणून सांगितलंय.

तुझीच, चिडलेली आणि वाट पाहणारी,
ताई