मुक्या व्हिडिओतला ठेका

आबा, टायरच्या कडेत तार असते हे तुम्हाला माहीत होतं, पण ती बाहेर कशी काढतात हे तुम्ही कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कारचं टायर घ्यावं, ट्रकची तार जाड पडते. कडेचं रबर सुरीनं बेताबेतानं कापायचं, तारेचं टोक सापडलं की पकडीत धरायचं आणि एका दमात ओढायचं नाही, वेढा वेढा सोडवत यायचं. घाई केली की तार पिरगळते. पिरगळलेली तार ठोकून सरळ दिसते, पण ताणली की नेमकी तिथंच तुटते. माझ्या तीन तुटल्या. चौथी टिकली, ती आता माझ्या उंचीच्या कळकाला ताणून बसवलेली आहे. खालच्या अंगाला वाळवून कोरलेला कडू भोपळा, एका हातात गुळगुळीत दगड, दुसऱ्या हातात काडी. ह्याला बेरिंबाव म्हणतात. दगड तारेला टेकवला की एक आवाज, उचलला की दुसरा, नुसता शिवला की तिसरा, खरखरता. तीनच आवाज आहेत. त्यांच्यावर अख्खा खेळ चालतो.

खेळाचं नाव कापोएरा. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी तो जपला. बघणाऱ्याला नाच वाटावा आणि अंगात मार असावा, असा तो आहे. दोघं जण वर्तुळात उतरतात, डोलत डोलत एकमेकांभोवती फिरतात, हात जमिनीला लावून लाथ फिरवतात आणि ती समोरच्याच्या कानापाशी आणून थांबवतात. लागली तर ज्याला लागली त्याची चूक धरतात, कारण त्यानं बघायला हवं होतं. हे सगळं मी एकट्यानं शिकलो. नळदुर्गला हमरस्त्यावरच्या टायरच्या दुकानात, मोबाईलच्या दुकानदारानं मेमरी कार्डात भरून दिलेल्या सतरा क्लिपांवर. मधली सुट्टी मिळाली की दुकानामागच्या रिकाम्या प्लॉटवर, एकेक हालचाल थांबवून, मागं नेऊन, पुन्हा बघून. साधं डोलायचं पाऊल, ज्याला जिंगा म्हणतात, तेवढंच बसवायला मला चार महिने लागले. मनगट दोनदा मुरगळलं. कुणी शिकवलं नाही, कुणाच्या पाया पडलो नाही, हे मी भेटेल त्याला सांगत आलो. आता रविवारी सकाळी त्याच प्लॉटवर नऊ जणं माझ्याकडं येतात. कॉलेजातली पोरंपोरी आहेत, एक बँकेतला शिपाई आहे, माझ्याच वयाचा. तो पोटामुळं वाकत नाही पण रविवार चुकवत नाही.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आज लिहायचं कारण काल आलेला फोन. पण तो नीट कळायचा तर आधी पंक्चर सांगायला हवं.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. किल्ला बघायला निघालेल्या पुण्याच्या एका गाडीचं पुढचं चाक बसलं. रविवार होता, वर्ग चालू होता. गाडीतली एक मुलगी, पंचविशीची असेल, चाक निघेपर्यंत मागं येऊन उभी राहिली. पोरांचे पाय बघत राहिली. मग म्हणाली, "काका, हा कापोएरा आहे?"

"व्हय."

"कुठं शिकलात?"

"मोबाईलवर."

"आणि वाजवतं कोण?"

"काय वाजवतं?"

ती हसली, आणि माझं तोंड बघून थांबली. चपला काढून आत आली. ती पुण्यात हेच शिकवते, तिच्यावर शिकवणारे आहेत, त्यांच्यावर आणखी कुणी ब्राझीलमधलं. आम्ही दोघं समोरासमोर उतरलो. माझी एक लाथ चुकली नाही, आबा. एक पाऊल वाकडं नव्हतं. तरी मी तिच्या दर हालचालीला एक तर आधी होतो नाही तर नंतर. दोन मिनिटांनी ती उभी राहिली, म्हणाली, "काका, तुम्ही मोजताय. ऐकत नाही." बँकेतला शिपाई मागून म्हणाला, "म्याडम, आमाला बी मोजायलाच शिकीवलंय. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. कवायत म्हणा की!" सगळे हसले. मीही हसलो.

मग तिनं सांगितलं की ह्या खेळात सगळ्यांत मोठा माणूस खेळत नाही, वाजवतो. बेरिंबाव ज्याच्या हातात, त्याच्या हातात वर्तुळ. खेळणारे दोघं आधी त्याच्या पायापाशी उकिडवे बसतात, त्यानं वाद्य खाली वाकवलं की उतरतात. त्यानं वाढवलं की वाढवतात, उतरवलं की उतरवतात, बोलावलं की परत यायचं, कितीही रंगलेलं असलं तरी. "वाजवणारा नसेल तर हा खेळच नाही, नुसता व्यायाम," ती म्हणाली. तार टायरमधून काढतात हेही तिनंच सांगितलं. मी म्हटलं, टायरला तोटा न्हाय. चाक बसवून दिलं. ते लोक गेले.

मी इतकी वर्षं आवाजाशिवाय शिकलो होतो, कारण तो पहिला मोबाईल जुना घेतलेला होता आणि त्याचा स्पीकर गेलेला होता. हेडफोन घेता आला असता. घेतला नाही. पुढच्या मोबाईलवरही आवाज बंदच ठेवला. मला अंगाचं शिकायचं होतं, वाजवणं आपल्या घरात उदंड झालं होतं.

आणि तुम्ही तो दिवस विसरला असाल असं मला वाटत नाही. दुपार आहे, लाईट गेलेली आहे म्हणून कॉम्प्रेसर बंद आहे, रस्त्याच्या कडेला उमरग्याकडचा एक ट्रक चाक खोलून उभा आहे. तुम्ही माझा डबा घेऊन आलेले आहात. उताण्या टायरवर बसता, माझ्या हातातल्या मोबाईलमध्ये वाकून बघता.

"काय बघायलास रं?"

"ब्राझीलची कुस्ती हाय."

"ही कसली कुस्ती? गडी गड्याला शिवंना झालाय." थोडा वेळ बघता. "ह्यांचं वाजवणारं कुठं हाय?"

"स्पीकर गेलाय, आबा. आवाज न्हाय येत."

"आवाज नसला म्हणून काय झालं? पाय सांगायलेत की."

आणि तुम्ही खाली पडलेल्या दोन टाम्या उचलल्या, टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, आणि चाकाच्या रिकाम्या डिस्कवर वाजवायला लागलात. आधी हळू, चुकत, थांबत. मग धरलंत. माझ्या मोबाईलमधली मुकी माणसं तुमच्या ठोक्यावर डोलायला लागली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ट्रकचा क्लीनर खांदे हलवायला लागला. ड्रायव्हर म्हणाला, "म्हातारबा, लई झ्याक! आमच्या पुतणीचं लगीन हाय, येताव का वाजवायला?"

तो चेष्टा करत होता की खरंच विचारत होता, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी त्याला काही बोललो नाही. तुम्हाला बोललो. "ठिवा ते खाली. हे दुकान हाय, वरात न्हाय. इथं मला मिस्त्री म्हणत्यात, तेवढं तरी राहू द्या." तुम्ही टाम्या खाली ठेवल्यात, एकीशेजारी एक. "बरं," म्हणालात. मग म्हणालात, "डबा गार व्हायलाय. खा." आणि चालत गेलात. पुढं तुम्ही दोन वर्षं होतात. माझ्यासमोर तुमची बोटं कशावरही वाजली नाहीत, ताटावरसुद्धा नाही.

वाजवणं सोडलं ते चुकलं असं मी म्हणत नाही. आपल्या गल्लीत कितीतरी जणांच्या पोरांनी हलग्या खुंटीला लावल्या आणि बरोबर केलं. बोलावलं की जायचं, वाजवायचं, आणि पंगती उठेपर्यंत मांडवाबाहेर उभं राहायचं, हे मी बघितलंय. मला जे लिहायचंय ते एवढंच की तुम्ही त्या दुपारी वाजवलेला ठेका कोणता होता, ते मला आठवत नाही. त्या सतरा क्लिपा मी आता आवाजासकट बघितल्या. त्यात तीन वेगवेगळे ठेके आहेत, एक संथ, एक मधला, एक पळता. तुम्ही बरोबर ओळखला होता का, हे मला तपासायचं होतं. डिस्क घेतली, टाम्या घेतल्या, तिन्ही वाजवून बघितले. एकही ओळखीचा वाटला नाही. मी तेव्हा ऐकतच नव्हतो, ड्रायव्हरचं तोंड बघत होतो.

आणि मयत. गावातल्या किती तिरड्यांपुढं तुम्ही वाजवलंत. तुमच्या वेळी चुलत्यानं हलगी आणली होती, पाचट पेटवून शेकून, ताणून तयार. मी म्हटलं, आपल्या घरात आता वाजवायचं बंद झालंय. तो म्हणाला, "तुझ्या घरात झालं असंल. त्यांच्या न्हाय." मी हात आडवा केला. पुढं नुसता पायांचा आवाज. त्या दिवशी मला काही वाटलं नाही. आज लिहितानाही, खरं सांगायचं तर, काही वाटत नाही. झालं तेवढं सांगतोय.

तर कालचा फोन. येत्या रविवारी पुण्यात मोठं वर्तुळ आहे, बाहेरचे लोक येणार आहेत. तिनं मला बोलावलंय, आणि खेळायला नाही, थोडा वेळ वाजवायला. मी महिन्यापूर्वी तिला आमच्या वर्गाचा एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात मी वाजवतोय आणि दोन पोरं जरा जास्तच तापलेली आहेत, एकाची लाथ दुसऱ्याच्या बरगडीला खरोखरच लागलेली आहे.

"काका, तिथं तुम्ही काय केलंत?" ती विचारते. "बाकीचे अशा वेळी थांबवतात, परत बोलावतात. तुम्ही थांबवलं नाहीत. ठोके गाळत गेलात. आणि ती दोघं आपोआप सैल पडली. मी आमच्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, हे व्हिडिओ बघून येत नाही, हे कुणीतरी शिकवलेलं आहे. वर्तुळात बसवताना आम्ही प्रत्येकाचं सांगतो, कुणाकडून आलंय ते. तुमचं काय सांगू?"

मला बेंबळीकडची एक जत्रा आठवत होती. मी विशीत आहे, कुस्त्या बघायला मातीच्या कडेला बसलोय, तुम्ही हलगी घेऊन पलीकडं उभे आहात. शेवटून दुसरी कुस्ती. एकाच्या कानावर मार बसतो, तो डाव सोडून थोबाडीत देतो, दोन्ही गावांचे लोक उठतात. पंच शिट्टी मारतोय, कुणी ऐकत नाही. मला वाटलं तुम्ही थांबाल. तुम्ही थांबला नाहीत. होता तोच ठेका ठेवलात आणि त्यातला एक ठोका गाळलात. मग आणखी एक. जड, मोकळं, पायाला आधार मिळू नये असं. दोघांच्या पायांतलं बळ ओसरताना दिसत होतं. कुणी सोडवलं नाही, ते आपले आपण सुटले, आणि वाकून माती उचलली. सायकलवरनं घरी येताना मी विचारलं, थांबला का न्हाई? तुम्ही म्हणालात, "थांबलं की मारामारी उघडी पडती. तापल्यालं उतरवायचं असतंय, लेका. शिट्टी कानात जाती. हलगी पायात जाती." पुढं घर येईपर्यंत चेन गार्डला घासत होती तेवढा आवाज.

म्हणजे ठोके गाळणं कुणाचं आहे, हे मला ठाऊक आहे. ते ब्राझीलचं नाही, सतरा क्लिपांतल्या एकीतही नाही. मी सगळ्या पुन्हा बघून खात्री केली आहे. माझ्या अंगात तेवढी एकच गोष्ट आहे जी मी एकट्यानं शिकलो नाही, आणि नेमकी तीच तिच्या सरांना दिसली.

"काका? आहात ना?"

"हाय की."

"मग काय सांगू? कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाय," मी म्हणालो. "सुचलं."

"बाप रे. भारी," ती म्हणाली. "मग तसंच सांगते. लोकांना आवडेल." तिनं गाडीची वेळ सांगितली, मी लिहून घेतली.

आज शुक्रवार आहे. रविवारपर्यंत तिला फोन करून सांगता येईल की माझे वडील हलगी वाजवायचे, हे त्यांचं आहे. वाक्य अवघड नाही, सकाळपासून दोनदा म्हणून बघितलं. नंबर समोर आहे. आज दुपारी तिनं आपणहून फोन केला होता, गाडीतली जागा पक्की झाली म्हणून, आणि सहज विचारलं की घरी आधी कुणी वाजवणारं होतं का. मी म्हटलं, न्हाय, वडील शेतावर होते. शेतावरही होतात तुम्ही, सुगीत. म्हणजे अगदीच खोटं नाही, असं मी तेव्हा मनात धरलं. पण मी तपशिलाचा माणूस आहे, ते खोटंच आहे.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून इथं खरं लिहितो. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, तर मला वाटतं, मी पुन्हा तेच सांगेन, कुणी न्हाय.