डोहावरची शिस्त

४ मार्च
मुलगा जेवताना म्हणाला, आई, एकटी राहतेस, निदान घराची एक किल्ली आमच्याकडे असू दे. कारण काय, तर गॅस दोनदा चालू राहिला. एकदाच राहिला. दुसऱ्यांदा मी मुद्दाम मंद ठेवला होता. वाद घालून उपयोग नाही, म्हणून लिहून ठेवते. वाचणारं कोणी नाही, पण नोंद असावी. मुलींच्या वसतिगृहात तीस वर्षं रेक्टर होते. किल्ल्या मी मुलींना वाटत असे, माझी कुणाला देत नसे.

५ मार्च
उपाय सापडला. रविवारी तरुणांच्या ग्रुपबरोबर गुहा आणि डोह बघायला जाणार. पाठीवर सॅक, स्वतःचे पाय. ताठ मानेने परत आले की किल्लीचा विषय कोण काढतं बघू. सुनेला कळवलं. जपून जा म्हणाली. हसली. लक्षात ठेवलं आहे.

७ मार्च
सॅक भरली. टॉर्च घेतला का ते पाहायला रिकामी केली. घेतला होता. पुन्हा भरली. पुन्हा पाहिलं. याला काटेकोरपणा म्हणतात.

८ मार्च, सकाळी
गाईड एक दणकट बाई. आवाज माझ्याइतकाच मोठा, त्यामुळे सुरुवातीपासूनच जमलं नाही. मला मावशी म्हणते. गुहा सगळ्या सारख्याच दिसतात, माझ्या मागे राहा, म्हणाली. मी सांगितलं, वीज गेलेल्या वसतिगृहात मी मुलींना नुसत्या पावलांवरून ओळखत असे. ती म्हणाली, इथे वटवाघळं आहेत.

८ मार्च, दुपारी
डोह हिरवागार, पाणी बर्फासारखं. घोट्यापर्यंत उतरले. पोहणं पुढे ढकललं. जेवणानंतर लगेच पोहू नये. पोरांनी बूट कुठेही भिरकावून उड्या मारल्या. एक बूट या खडकावर, त्याचा जोडीदार त्या. मला हे बघवत नाही. सगळे गोळा केले, जोड्या लावल्या, मापाप्रमाणे ओळीत एका कोरड्या गुहेत ठेवले. बऱ्याच खेपा झाल्या. कुणाला बोलले नाही. शिस्तीची जाहिरात करायची नसते.

८ मार्च, संध्याकाळी
पोरं बाहेर आली, बूट शोधू लागली. मी म्हटलं, घाबरू नका, पहिल्या गुहेत आहेत. नव्हते. दुसऱ्या गुहेतही नव्हते. तिसऱ्या गुहेत माझा टॉवेल सापडला. तो मी तिथे ठेवलाच नव्हता. एका दाढीवाल्याने विचारलं, मावशी, नक्की ठेवले होते ना, की नुसतं वाटतंय? त्याला विचारलं, तुझे आईवडील काय करतात? तो पाठ फिरवून पुढच्या गुहेकडे निघाला. हल्ली हेच शिकवतात.

उजेड कमी झाला तशी गाईडने शोध थांबवला. सगळे खडीवरून अनवाणी उतरले. बूट फक्त माझ्या पायात. एका मुलीच्या टाचेतून रक्त येत होतं. मी मलमपट्टी देऊ केली. ती म्हणाली, असू दे हो आजी. सकाळी मावशी होते.

१० मार्च
बूट मिळाले. कपडे बदलायच्या शेडमागे. जोड्या लावलेल्या, मापाप्रमाणे. म्हणजे व्यवस्था चोख होती. जागा तेवढी कुणीतरी बदलली. गाईडने हे मला नाही, मुलाला फोन करून सांगितलं. मुलाने निरोप मला पोचवला. जेवलीस का, एवढंच विचारलं. तो असं विचारतो तेव्हा आवाज खाली आणतो. ही सवय त्याला कधी लागली कळलं नाही.

१२ मार्च
सून आली. किल्ली मागितली नाही. चहा केला, कप विसळले, जाता जाता गॅसचं बटण पाहिलं. मग मीच किल्ली काढून दिली. कुणी मागितल्यावर देणं वेगळं, आपणहून देणं वेगळं. लावून बघते म्हणाली, बाहेर गेली, दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने बेल वाजली. किल्ली कपाटाची होती. मी म्हटलं, तुझं लक्ष असतं का ते पाहत होते. ती म्हणाली, हो आई.

सुपूर्द: मुख्य दाराची किल्ली, एक. कुलपात फिरवून खात्री केली. सुनेने.