बाहेरकाठा

बाबा,

आज सकाळी आपल्या धाकट्याला फोनवर एका शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागला, आणि सांगता सांगता मला तुमचा इतका राग आला की तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हेही विसरायला झालं. शब्द तुमचाच. बाहेरकाठा. त्याला तो माहीतच नाही. खाडीकाठच्या गावात जन्मलेला पोरगा, पण आपलं शेत गेलं तेव्हा रांगत होता. त्याच्या लेखी काठ म्हणजे आईच्या साडीचा. त्यात त्याची चूक नाही. पण ज्या एका शब्दावर तुम्ही माझं अख्खं आयुष्य बेतलंत, तो ह्या घरात आता आई सोडली तर मला एकटीलाच ठाऊक आहे, हे काही मला बरं वाटलं नाही.

आधी काय झालंय ते सांगते. माझ्या पोटात गाठ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढायलाच हवी, आणि कसली आहे ते काढल्यावर कळेल. लांबवू नका, असंही म्हणाल्या. सोमवारी ऑपरेशन आहे. मी मान डोलावली, रिक्षा पकडली, कळंबोलीच्या ऑफिसात गेले आणि रोजच्यासारखे लोखंडाचे ट्रक लावून दिले. एका ड्रायव्हरशी भांडलेसुद्धा. आईला सांगितलं नाही, तिला आता उठवून बसवावं लागतं, घास भरवावा लागतो. दिवसा एक बाई येते, बाकी सगळं मीच. धाकटा पुण्याला, त्यालाही नाही सांगितलं. मी ऑपरेशनला गेले तर आईकडे कोण बघेल, ह्या एका प्रश्नाभोवती गेले कित्येक दिवस फिरतेय, पण कुणाला विचारावं हे सुचत नव्हतं. कुणाला न विचारायची सवय तुम्हीच लावलेली, म्हणून हे तुम्हाला.

आपल्या खारीच्या, खाडीलगतच्या शेताला दोन काठे असायचे, मातीचे बांध. आतला ज्याच्या त्याच्या शेताचा, तो ज्याने त्याने राखायचा. बाहेरचा खाडीच्या अंगाचा, तो सगळ्या गावाचा. उधाण त्याच्यावर, लाट त्याच्यावर, चिंबोऱ्या-खेकडे बिळं करणार तीही त्याच्याच पोटात. तो टिकला तर आत भात, तो फुटला तर खारं पाणी शिरून पुढची काही वर्षं नुसतं पांढरं रान. पण तुम्ही हा शब्द शेतापुरता कुठे ठेवलात! घराची ओटी म्हणजे बाहेरकाठा, पावसाळ्यात भिंतीला लावलेली झावळं म्हणजे बाहेरकाठा, गावकीत पहिला तोंड उघडून शिव्या खाणारा माणूस म्हणजे बाहेरकाठा. भाकरीची जाड कडसुद्धा. आई तुम्हाला चिडवायची, "सगल्याला बाहेरकाठा हाय, यांच्या तोंडालाच नाय." तुम्ही हसायचात आणि ती कड मोडून माझ्या ताटात टाकायचात.

मग ती अवसेची दुपार. आई चुलीपुढे भाकऱ्या थापतेय, मी परातीत पाणी ओततेय, आणि बाहेरून ओरडा येतो, "खांड गेली रं!" खांड म्हणजे काठाला पडलेलं भगदाड. आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावते. प्रत्येक घरातून कुणी ना कुणी धावतंय, कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या डोक्यावर पेंढ्याचा भारा. तुम्ही आणि चार-पाच बाप्ये त्या भगदाडात खांद्याला खांदा लावून उभे, पाणी छातीला लागलेलं, आणि आम्ही बायकापोरी ओळीत उभ्या राहून चिखलाचे गोळे पुढे पुढे देतोय. माझ्या कंबरेपर्यंत पाणी येतं. पाय सुटतात. मी रडत नाही, फक्त मागच्या बाईकडून गोळा घेते आणि पुढच्या बाईला देते. भरती उतरल्यावर तुम्ही मला तशीच चिखलासकट उचललीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "ही माजी थोरली. आमच्या घराचा बाहेरकाठा ही."

त्या दिवशी मी इतकी फुगले की रात्री जेवले नाही. कौतुकाने पोट भरतं असं वाटायचं वय ते.

त्या कौतुकाचं ओझं कधी झालं ते मात्र नेमकं आठवतं. शेत सरकारने नव्या शहरासाठी घेतलं त्या दिवशी आई ओटीवर बसून रडत होती, तिचं बघून मीही रडायला लागले. तुम्ही माझ्या दंडाला धरून मला घरामागे नेलंत आणि दबक्या आवाजात म्हणालात, "बाहेरकाठाच रडाय लागला त आतला भात कोनी राखायचा?" मारलं असतंत तर विसरले असते. पुढे तुम्ही गेलात, मी नोकरीला लागले, धाकट्याचं शिक्षण झालं, त्याचं लग्न झालं. माझ्या लग्नाचं राहूनच गेलं. कुणी विचारलं तर मी म्हणायचे, घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं, ते घोडं कशाला! लोक हसायचे, विषय संपायचा.

आज सकाळी धाकट्याचा फोन आला. पावसाळ्यात आई दोन महिने त्याच्याकडे जाणार होती, ते आता जमणार नाही, त्याचे सासू-सासरे राहायला येतायत. "ताई, तू आहेस म्हणून मला टेन्शनच नसतं बघ," असं म्हणाला. चांगल्या मनानेच म्हणाला. मी सवयीने "बरं" म्हणाले आणि फोन ठेवणार तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "खांड गेलीय."

"काय गेलं?"

"खांड. बाहेरकाठ्याला."

"म्हणजे काय, ताई? नीट सांग ना."

मग मी सांगत बसले. काठा कुठे असतो, उधाण कधी येतं, भगदाड कसं बुजवतात. आणि सांगताना मीच म्हणाले, "ते एकट्याने बुजत नाही रे. घरटी एक माणूस यावं लागतं." बाबा, हे मला माहीत होतं! त्या दुपारी त्या ओळीत मी स्वतः उभी होते. दर वर्षी पावसाआधी अख्खं गाव त्या काठावर माती चढवायला जायचं, त्याला कुणी एकट्याच्या जिवावर सोडायचं नाही. मला मात्र नाव दिलंत आणि माती द्यायला कुणाला सांगितलं नाहीत. अर्धाच शब्द दिलात मला. मी तो अर्धाच घेऊन म्हातारी होत आले.

मग मी गाठीचं सांगितलं, सोमवारचंही. तो माझ्यावर ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा. "आणि हे तू मला आज सांगतेस? मी काय परका आहे का?" "निघतो मी," म्हणाला आणि फोन कापला. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडले. आई आतून विचारत होती, "काय झाला गो?" आणि मला थांबता येत नव्हतं.

आता संध्याकाळ आहे, मी गॅलरीत बसून लिहितेय. तो आलाय. त्याने आईला भरवलं. माझ्या हातचा घास ती निम्मा बाहेर काढते, त्याच्या हातून सगळी पेज प्यायली आणि वर त्याच्या गालावरून हात फिरवला. महिनाभराची रजा टाकलीय म्हणे, सासू-सासऱ्यांना पुढे या म्हणून कळवलंय. आईचं काय, हा प्रश्न एका दुपारीत सुटला. मला हायसं वाटायला हवं. वाटलंही, पण त्याने घासून ठेवलेली पेजेची वाटी मी पुन्हा घासली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. तुम्हाला वाचताही येत नव्हतं, म्हणून तर एवढं धिटाईने लिहिलं. धाकटा स्वयंपाकघरातून हाका मारतोय. चहा ठेवलाय त्याने, आणि साखर कुठे आहे ते विचारतोय. मी ऐकू न आल्यासारखं केलंय. खरं सांगू, बाबा? ती त्याला इतक्यात सापडू नये असं मला वाटतंय.