सारख्या उंचीचे कान

तीर्थस्वरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (यातल्या शिराकडे या पत्रात नेहमीपेक्षा जरा जास्त लक्ष दिलं जाईल, ते समजून घे.) आम्ही इकडे सगळे ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतोस ना? झोप? आणि केस कसे आहेत? सहज विचारतोय. मागे भेटलो तेव्हा कानांवर चांगले आले होते आणि या वयातही इतके दाट की बघून मला आपलं उगाच समाधान वाटलं होतं. ते अजून तसेच असतील अशी आशा करतो. हिने नमस्कार सांगितला आहे.

मागच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस की मी कॉलेजात नक्की काय शिकतोय, आणि मी 'आवाज तुटतोय' म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला खणखणीत येत होता. पण काही गोष्टी सांगायला कागदच बरा, कारण कागद मधेच हसत नाही. तर दादा, मी केस कापायला शिकतोय. (हसून घे. मी थांबतो.) झालं असं की निवृत्त झाल्यावर मी गल्लीत, बँकेत, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगून बसलो होतो की मी पुन्हा विद्यार्थी होणार, आपल्या इथल्या व्यवसाय कॉलेजात संगणकावर नकाशे काढायला शिकणार. चौतीस वर्षं हाताने काढले, आता यंत्राने काढू. प्रवेशाच्या खिडकीशी गेलो तर तो वर्ग भरलेला. खिडकीतल्या बाईंनी माझ्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून सांगितलं की केशकर्तनात एक जागा आहे. आता मी रिकाम्या हाताने घरी परत गेलो असतो तर गल्लीत तोंड दाखवायची सोय उरली नसती. शिवाय खिडकीच्या बाजूला नमुन्याचं प्रमाणपत्र लावलेलं होतं. त्यात मधोमध ठळक अक्षरांत विद्यार्थ्याचं नाव. दादा, मी आयुष्यभर पूल काढले, पाण्याच्या टाक्या काढल्या, एक तुरुंगसुद्धा काढला, आणि प्रत्येक नकाशाखाली नाव साहेबांचं. मला तो कागद फार आवडला. मी तिथेच पैसे भरले.

आमची इमारत मोठी मजेची आहे. तळमजल्यावर वेल्डिंग, मधल्या मजल्यावर बेकरी, वर आम्ही. त्यामुळे जिना चढताना आधी डोळे दिपतात, मग भूक लागते, आणि वर पोचेपर्यंत डोक्यावर पिठाचा एक थर बसलेला असतो, तो आम्ही एकमेकांचा झटकतो. वर्गात बाकी सगळे वीस-एकविशीतले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक पोरगी असते, तिचे केस दर पंधरवड्याला रंग बदलतात, आम्ही तिला रंगारी म्हणतो. मला सगळे इंजिनिअर काका म्हणतात. (मी इंजिनिअर नव्हतो, आरेखक होतो, हे मी पहिल्या दिवशी अर्धा तास समजावून सांगितलं. त्यानंतर ते नाव कायम झालं.) शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान, पण त्यांच्या हातात कात्री आली की मी आपोआप उठून उभा राहतो.

सुरुवातीला आम्हाला प्रत्येकी एक रबरी डोकं मिळालं, खरे केस लावलेलं. ते घरी नेऊन सराव करायचा. पहिल्याच दिवशी मी ते कापडी पिशवीत घालून बसमध्ये बसलो आणि केसांची एक बट पिशवीबाहेर लोंबत राहिली, हे मला दिसलं नाही. शेजारच्या गृहस्थांना दिसलं. ते आधी बटेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि पुढच्या थांब्यावर त्यांच्यासकट अर्धी बस उतरली. घरी आल्यावर मी ते डोकं फ्रिजवर ठेवलं. ही स्वयंपाकघरात शिरली, आणि त्यानंतर जे काही झालं ते लिहीत नाही, फक्त एवढंच सांगतो की कपांचा नवा संच घेतला. पण दादा, त्या रबरी डोक्यावर माझा हात असा काही बसला म्हणतोस! मी डोक्याचा रीतसर नकाशा काढला, पुढून, बाजूने आणि वरून. बाईंनी तो वर्गात लावला. केस कापून झाले की मी खिशातून पाणसळ काढायचो (गवंडी वापरतात ती पट्टी, मधे बुडबुडा असलेली, बुडबुडा मधोमध थांबला की पातळी बरोबर), ती कपाळावरच्या केसांना आडवी लावायचो, आणि बुडबुडा न चुकता मधोमध. रंगारीचा बुडबुडा कुठल्या कुठे पळायचा. सहामाहीला मी वर्गात पहिला आलो. हे मी तुला तेव्हाच कळवलं होतं, विषय तेवढा कळवला नव्हता.

मग आली खरी परीक्षा. तिचा नियम असा की ज्याने त्याने आपापलं जिवंत डोकं घेऊन यायचं. कॉलेज देत नाही. कानांवर निदान चार बोटं केस हवेत. मी आपल्या मेहुण्याला पटवलं. (हिचा धाकटा भाऊ, ज्याला तू 'हळू बोल' म्हणून कंटाळलास तो.) परीक्षक बाहेरून आलेले, शहरातल्या मोठ्या सलूनचे मालक, कोटबिट घालून. मी मन लावून कापलं. पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध, देवाशपथ. परीक्षक समोर येऊन उभे राहिले आणि हळूहळू त्यांची मान एका बाजूला कलली. मग बाईंची कलली. मग रंगारीची. सगळ्यांचं म्हणणं एकच, तिरकं झालंय. मी म्हणालो, जमिनीशी समांतर आहे, मोजून बघा. परीक्षकांनी पाणसळीकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी खिशातून बेडूक काढला, आणि मला नापास केलं.

नंतर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. कुणाचेच दोन्ही कान सारख्या उंचीवर नसतात. रबरी डोकं साच्यातून निघतं म्हणून त्याचे असतात. मेहुण्याचा डावा कान चांगला बोटभर खाली आहे, मग जमिनीशी समांतर कापलेले केस त्याच्या तोंडावर तिरके दिसणारच. "काका," त्या म्हणाल्या, "जमीन बघून कापू नका, माणूस बघून कापा. डोळ्याला सरळ दिसलं की झालं." आता तूच सांग, डोळ्याला सरळ म्हणजे काय? मी चौतीस वर्षं साहेबांना 'डोळ्याला सरळ दिसतोय' असं म्हणत पूल दिले असते तर चाललं असतं? मला ते मुळीच पटलं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की पद्धत बरोबर आहे, डोकं चुकीचं आणलं. म्हणून सारख्या कानांचा माणूस शोधायचा मी चंग बांधला. ही पेपर वाचत असताना हिचे कान मोजले, फरक निघाला. (सांगितल्यावर दोन दिवस अबोला.) दूधवाला, वाणी, समोरचे निवृत्त मास्तर, सगळे वाकडे. मी रस्त्याने जाताना लोकांच्या कानांकडे टक लावून बघतो म्हणून आता ओळखीचे लोकही दोन्ही हातांनी कान झाकून नमस्कार करतात.

मेहुण्याचं म्हणशील तर नेमका त्याच आठवड्यात त्याच्या ऑफिसच्या ओळखपत्रासाठी फोटो काढला. आता पाच वर्षं तो फोटो त्याच्या गळ्यात लटकणार. दारावरचा पहारेकरी रोज सकाळी फोटो सरळ करायला जातो म्हणे. हे त्याने ज्याला त्याला सांगितलं, आणि गावात मला डोकं मिळेनासं झालं. तुझ्या पुतण्याने तर वेळीच सावध होऊन सगळं डोकं तुळतुळीत करून टाकलं आणि वर म्हणतो, हीच सध्या फॅशन आहे. पुरवणी परीक्षा पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आहे. डोकं नसेल तर बसू देत नाहीत, आणि या वेळी हुकलं तर पहिल्यापासून पुन्हा, तेच रबरी डोकं, तोच जिना, आणि नवी पोरं. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटतं. या पोरांबरोबर त्या कागदासाठी माझं नाव पुकारलं जावं, एवढंच हवं होतं.

असो. माझं रडगाणं पुरे. तुझ्याकडे मागणं असं काही नाही, खुशाली कळावी म्हणून लिहिलं. गुडघ्याला जप, थंड पाणी पिऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी तू काय करतोयस?

ता. क. २. आता लपवून उपयोग नाही. दिवाणखान्यात तुझा तो मोठा फोटो आहे ना, निरोप समारंभातला, त्यात तुझ्या दोन्ही कानांखाली मी पाणसळ धरून बघितली. बुडबुडा अगदी मधोमध! तीनदा बघितली. आपल्या अख्ख्या खानदानात सारख्या कानांचा माणूस एकच निघाला, आणि तो माझा सख्खा भाऊ. शुक्रवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट पत्रासोबत आहे. गुडघ्यासाठी खालचा बर्थ घेतला आहे. मी चौथीत असताना शाळेच्या फोटोच्या आदल्या दिवशी तू आईच्या शिवणाच्या कात्रीने माझे केस कापले होतेस, त्याचा मी कधी उल्लेख करत नाही (दर भेटीत करतो), आणि आताही करणार नाही.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात हिने ते वाचलं आणि खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग उठून फोटोपाशी गेली आणि चौकट सरळ केली. दादा, तुझा उजवा कान भसकन खाली आला. तो फोटो गेली कित्येक वर्षं कलता होता! मी म्हणालो, एवढी वर्षं आपल्या घरात फोटो वाकडा, आणि मला कुणी सांगितलं नाही? तर ही म्हणते, "वाकडा कसला? मीच ठेवते तसा. चौकट सरळ लावली की भाऊजी तिरके दिसतात. भाऊजी सरळ दिसायला हवेत की चौकट?" आणि चौकट पुन्हा कलती करून ती भाजी चिरायला निघून गेली. मी बराच वेळ फोटोसमोर उभा होतो. तू अगदी सरळ दिसत होतास. बाई जे दोन महिने सांगत होत्या ते मला तिथे कळलं. पाणसळ मी हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवून दिली आहे.

ता. क. ४. म्हणजे कानांचं कारण बाद झालं. आता कुणाचंही डोकं चालेल आणि तुलाच यायला पाहिजे असं काही राहिलं नाही. तरी ये. बाकी कुणी तयार नाही हे खरंच आहे, पण तू असलास तर माझा हात स्थिर राहील. त्या दिवशी चौथीत मी भीतीने थरथरत होतो, तेव्हा तू कात्री हातात घेऊन म्हणाला होतास, "हलू नकोस, मी आहे ना." केस भयंकर कापलेस, पण मी हललो नव्हतो. आता त्या खुर्चीत तू बस. वाटेत कुठेही केस कापून घेऊ नकोस. आणि हलू नकोस, मी आहे ना.