काकांनी मोठ्याने वाचलेला मेसेज

सोमवार, ३ मार्च

काय झालं, क्रमाने:

१. शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या प्रोग्रॅमने चौदा जणांना मेसेज पाठवला. आमच्या गटाचा मनाच्या तब्येतीबद्दलचा फॉर्म भरून ज्यांचे गुण काळजी करण्याइतके आले होते, ते हे चौदा.
२. मेसेज आमच्या लोकांच्या भाषेत, आमच्या अक्षरांत होता. अशी ही पहिलीच वेळ.
३. मजकूर: ‘तुझी उत्तरं आम्ही वाचली. रात्र सरत नाही, जगण्यात राम वाटत नाही, असं तू लिहिलंस. तू एकटी/एकटा नाहीस. आमच्यातले दोघं जण भेटायला येऊ का?’
४. त्यातला एक मेसेज दोरखंडाच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलीसाठी होता. वय एकोणीस. तिने दिलेला नंबर तिच्या काकांचा होता.
५. काकांनी तो अंगणात मोठ्याने वाचला. तिच्यासह बारा माणसं हजर होती.
६. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. काल कामावर गेली नाही. आज गेली नाही.
७. ‘हा फोन कोणाचा?’ हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. फॉर्म मी बनवला.

मंगळवार, ४ मार्च

गटाची बैठक. आरोग्यकेंद्रामागची, पूर्वी औषधांची रिकामी खोकी ठेवायची ती खोली. फिनेलचा वास अजून जात नाही. आम्ही सात, खुर्च्या सहा. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर नेहमीप्रमाणे खोक्यावर. गट त्याने सुरू केला. वय सव्वीस. मी सगळं मोजत असते म्हणून मला तो ‘मीटर’ म्हणतो.

वरचे सात मुद्दे वाचून दाखवले. गटातून काढतील असं धरून खोलीची किल्ली आणि लॅपटॉप घेऊनच गेले होते. किल्ली टेबलावर ठेवली.

‘उचल ती,’ ड्रायव्हर म्हणाला. ‘चूक तू करायची आणि निस्तरायची आम्ही? बरी आहेस की.’

बाकीचे हसले. मी किल्ली उचलली. त्या हसण्याचे आभार कसे मानायचे ते मला कळलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आमच्या गटात तिशीच्या पुढची एकटी सिस्टर. केंद्रात नर्स आहे. अंगणातली गोष्ट कानावर येताच ती शनिवारीच मुलीकडे गेली होती. बंद दाराबाहेर दीड तास बसली. आतून मुलगी म्हणाली, ‘मी ठीक आहे. म्हणजे नाही. पण आज जिवाचं काही करून घेणार नाही.’ सिस्टर तेव्हापासून रोज जाते. ‘रोज तिच्याकडून तेवढाच शब्द घेते. आजच्यापुरता. उद्या नवा.’ कालपासून मुलगी दार उघडते. उद्या डॉक्टर तिला घरीच भेटणार आहेत.

काकांवर कोणी चिडलं नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे. आमची भाषा कागदावर येऊन जेमतेम माझ्या वयाइतकी वर्षं झाली. तिच्यात छापलेलं काही हातात आलं की आमचा माणूस ते मोठ्याने वाचतो — लसीचं पत्रक असो नाहीतर पंपावरची सूचना. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकू जावं म्हणून. मी चार वर्षं बाहेर शिकायला होते. तिथे सगळे मनातल्या मनात वाचतात. मला तेच बरं वाटलं. आणि मग मी आमच्या अक्षरांचा कीबोर्ड बनवला, आणि माणसं तो वापरून काय करतील ते विसरले.

बुधवार, ५ मार्च

प्रोग्रॅम बंद केला. बाकीच्या तेरा जणांकडे आम्ही वाटून घेऊन गेलो. पाच फोन दुसऱ्याचे निघाले. त्या पाच फोनवाल्यांना वाचता येत नाही, किंवा मेसेज उघडायला वेळ झाला नाही. केवळ नशीब. नशिबावर चालणाऱ्या वस्तूला मी प्रोग्रॅम म्हणत होते.

गुरुवार, ६ मार्च

काका खोलीवर आले. गवंडी आहेत. हाताला सिमेंट तसंच. खुर्ची दिली तर म्हणाले, ‘राहू दे बाई, पांढरी होईल.’

माझ्याकडे पाहिलंच नाही. ड्रायव्हरशी बोलले.

‘आपल्या भाषेत आलं होतं रे. मला वाटलं, आपल्या भाषेत आलंय म्हणजे सगळ्यांसाठीच आलंय. अर्धं वाचून झाल्यावर कळलं. तोवर तोंडातून गेलं होतं.’

‘कळतं काका.’

‘पोरीसमोर जायची लाज वाटते. पण मी आलो ते वेगळ्या कामाला. वाचून झालं तेव्हा अंगणात कोणी बोलेना. आणि मग माझा मेव्हणा म्हणाला, माझीही रात्र सरत नाही. खाण बंद पडल्यापासून हा माणूस घरात चार शब्द बोललेला नाही! तर ते दोघं जण यायचे असतात, ते त्याच्याकडे येतील का?’

‘आधी त्यांना फॉर्म —’ मी म्हणाले. ड्रायव्हरने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

‘आज संध्याकाळी येतो,’ तो म्हणाला.

काका गेल्यावर मला म्हणाला, ‘मीटर, माणूस दारात उभा राहून सांगतोय. त्याला काय गुण द्यायचे राहिलेत?’

आनंद झाला, तो नाकारत नाही. पण नोंद करून ठेवते: यामुळे माझी चूक बरोबर ठरत नाही. मुलीच्या दुःखाने दुसऱ्याचं तोंड उघडलं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

शनिवार, ८ मार्च

मुलगी मला भेटायला तयार आहे, असा सिस्टरचा निरोप. गेले. तिच्या खोलीत एक खिडकी, एक पलंग, भिंतीला कामाचा कोट. तळव्यांना दोरीचे घट्टे. मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते.

बोलून झालं.

‘ताई, हे लिहून आणलं होतंत का?’

‘हो.’

‘वाटलंच. नोटीस वाचल्यासारखं वाटलं.’ जरा हसली. मग म्हणाली, ‘मला एक सांगा. मेसेजमध्ये होतं, तुझी उत्तरं आम्ही वाचली. कोणी वाचली?’

खोटं बोलता आलं असतं.

‘कोणीच नाही. प्रोग्रॅम गुणांची बेरीज करतो. ठरावीक आकड्याच्या वर गेलं की मेसेज जातो. आम्ही नंतर वाचणार होतो.’

ती तळव्याचं कातडं सोलू लागली.

‘म्हणजे माझं वाचणारा पहिला माणूस काकाच.’

मी मान डोलावली.

‘सगळ्यांसमोर वाचलं त्याचा राग होताच,’ ती म्हणाली. ‘पण काका त्या रात्री दाराशी येऊन रडला. तुम्ही आज आलात. सातव्या दिवशी.’

‘हो.’

‘भांडत का नाही तुम्ही?’

‘तू बरोबर आहेस म्हणून.’

‘तुमच्याशी भांडण्यातही मजा नाही,’ ती म्हणाली. उठून तिने खिडकी उघडली. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली. दार उघडंच ठेवलं.

रविवार, ९ मार्च

चौदाही जणांची उत्तरं वाचली. स्वतः, एकेक, मोठ्याने. सकाळी नऊ ते दुपारी दोन. आईने बाहेरून विचारलं, ‘कोणाशी बोलतेयस गं?’ कामाचं आहे म्हणाले.

मंगळवार, ११ मार्च

मुलगी काल कामावर गेली. डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं आहे, सिस्टर बरोबर जाईल. आज कारखाना सुटल्यावर मुलगी सरळ खोलीवर आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘तो मेसेज दाखवा.’

दाखवला. तिने माझं पेन घेऊन कागदावरचं ‘आम्ही’ खोडलं. ‘ज्याने वाचलं त्याने स्वतःचं नाव घालायचं. आणि वाचल्याशिवाय पाठवायचं नाही. आणि हे काय, एकटी तिरकी रेघ एकटा? कोण बोलतं असं?’

ड्रायव्हर म्हणाला, ‘मीटर बोलते.’

‘तुम्ही गप्प बसा. गट तुमचा ना? तुम्ही तरी वाचलं होतं का?’

तो गप्प बसला. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग तिने विचारलं की काकांच्या मेव्हण्याकडे आज कोण जाणार. ती आणि सिस्टर गेल्या. आमच्यात दोघांनी जायचं असतं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने नुसतं बसायचं. ती बसली. परत आल्यावर म्हणाली, ‘तासभरात तो तीनदा बोलला. पंख्याबद्दल, पंख्याबद्दल आणि मग बायकोबद्दल.’

ज्यांची मी ऋणी आहे: किल्ली परत घ्यायला लावली तो. बंद दाराबाहेर बसली ती. लाज बाजूला ठेवून मेव्हण्यासाठी आले ते काका. आणि ही, जिने मला प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत थांबली. माझ्यासाठी कोणी थांबल्याला फार दिवस झाले होते.

बुधवार, १२ मार्च

आज दुपारी कारखान्याच्या फाटकावर तिला चिठ्ठी दिली. नक्कल ठेवते:

‘फॉर्ममधले प्रश्न कुठून आणलेस, असं मला गटात कोणी विचारलं नाही. ते कुठून आणले नव्हते. गेल्या हिवाळ्यापासून माझं जे होतंय तेच मी प्रश्न करून लिहिलं. तो फॉर्म मी स्वतः कधी भरला नाही. काल भरला. माझे गुण तुझ्याहून जास्त आहेत. आजच्यापुरता शब्द मी सिस्टरला दिला आहे. घरी अजून सांगितलेलं नाही.

माझ्याकडेही दोघींनी यावं अशी विनंती आहे. एक सिस्टर. दुसरी तू येशील का? नाही म्हणालीस तरी मी समजेन. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव.’