विजयमाला असल्याचा दाखला

१४ जून १९७१, सांगली

दिल्लीहून पत्र आलं. कॅनडाच्या वकिलातीचं, तिकडं नर्स म्हणून जायच्या माझ्या अर्जावर. नकार नाही — पण होकार असता तर एवढं लांबलचक कशाला लिहिलं असतं!

तीनदा वाचलं तेव्हा अर्थ लागला. नर्सिंगची परीक्षा पास झाली ती कु. हरणा नाथाजी सूर्यवंशी. दवाखान्यात सहा वर्षं नोकरी केली ती सौ. विजयमाला जोतीराम शेलार. तर या दोघी एकच आहेत याचा पुरावा पाठवा. नुसत्या शिक्षणावर मी त्यांना पुरत नाही, नुसत्या अनुभवावरही नाही. दोघी मिळून गेल्या तर घेतील.

भाऊसोला सांगितलं. धाकटा भाऊ माझा, कुपवाडला लेथ चालवतो. हसायलाच लागला. "अक्का, येवढंच व्हय? तुला सगळी सांगली वळखती की."

सांगली ओळखते. दिल्ली ओळखत नाही.

१७ जून

पुराव्यासाठी ट्रंक उपसली. लग्नपत्रिका सापडली, तिच्यात मी हरणाच. बरोबर आहे, पत्रिका आधी छापतात, नाव लग्नात बदलतात. मग लग्नानंतर साताऱ्यात काढलेला जोडफोटो सापडला. याचीच एक प्रत जोतीरामनं पलटणीत दिली होती, मागं माझी सही घेऊन — ही माझी बायको म्हणून. तिथं तेवढ्यावर भागलं.

नाव कसं बदललं ते आठवत बसले. ताटात तांदूळ पसरले, जोतीरामनं अंगठीनं 'विजयमाला' लिहिलं, आत्याबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. आत्याबाई म्हणजे सासू, अंबूबाई. नावही त्यांनीच निवडलेलं. मला कुणी विचारलं नाही. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले. आता दिल्लीला काय पाठवू?

दवाखान्यात लागताना जोतीरामनंच अर्जावर नवं नाव घातलं होतं. "शेलारांची सून हैस, जुनं नाव कशाला मिरवायचं?" आणि मी हौसेनं सही बदलली. वहीची पानंच्या पानं भरून सराव केला. आज त्या हौसेची चीड येते.

२५ जून

प्रमाणपत्रांच्या नकलांवर मोठ्या सरकारी अधिकाऱ्याची सही लागते. आमच्या ओळखीचा एकच — जनावरांचा डॉक्टर. त्यानं म्हैस तपासता तपासता सह्या ठोकल्या. ते दिल्लीला चालतं. मी मीच आहे हे मी सांगितलेलं चालत नाही.

३ जुलै

वकिलाकडे जाऊन आले. स्वतःचं प्रतिज्ञापत्र करा म्हणाला, पण सासरचा दाखला जोडल्याशिवाय त्याला वजन येणार नाही. नवऱ्यानं द्यावा, नाहीतर त्याच्या गावच्या सरपंचानं.

"मिस्टर कुठे असतात?"

सैन्यात, हवालदार. पुढचं सांगितलं नाही. तीन वर्षांत त्याचं एक कार्ड नाही. मूल होत नाही म्हणून आधी नवस, मग टोमणे, मग मला माहेरी पोचवून रजा संपली म्हणून जो गेला तो गेला. वकिलाला काय त्याचं.

९ जुलै

राजमतीचं पत्र. चौगुल्यांची राजमती, माझ्याच बॅचची, आता टोरांटोत. लिहिते की तिथं पेशंट पाणी दिलं तरी आभार मानतात. आणि विचारते, तुझं अडलंय कुठं? तिचं लग्न व्हायचंय अजून. तिला काय सांगू, कुठं अडलंय ते!

३० जुलै

आत्याबाईंना दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

११ ऑगस्ट

तिसरं टाकलं, जबाबी कार्ड जोडून. तेही गिळलं.

२२ ऑगस्ट

स्वतःच गेले. साताऱ्याहून मेढ्याची एसटी, पुढं पायी. महाबळेश्वराच्या अंगाचा पाऊस, छत्री उलटून गेली. चिखलात चप्पल रुतली ती हातात घेऊन सासरच्या गावात शिरले. आधी सरपंचाकडे, म्हटलं काम तेवढं करावं आणि परतावं.

केरबा शेलार सरपंच. माझ्या लग्नात पंगतीला आग्रह करत फिरत होता. मला बघून चष्मा पुसला, कागद वाचला, परत दिला.

"विजयमाला जोतीराम शेलार आमच्या गावात हाय की. आत्ताच पाणी घिऊन गेली. तुमी कोण, बाई?"

मला वाटलं चेष्टा करतोय. तो हसला नाही. माझ्याकडे बघेना सुद्धा.

तशीच घरी गेले. दारात आत्याबाई. आत एक पोरगी, विशीची असेल नसेल, मांडीवर तान्हं मूल, गळ्यात मंगळसूत्र. काय ते मी समजले, तरी विचारलं, "आत्याबाई, ही कोण?"

"जोतीची बायकू."

"आणि मी?"

"तू नर्स."

ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. चहा टाकला आणि गाईचा व्यवहार सांगावा तसं सांगितलं. "पलटणीत येकच बायकू चालती. दुसरी केली म्हून कळलं तर नोकरी जातीया. मग हिचं नावबी तेच ठिवलं. कागुद बदलाय लागला न्हाई." म्हणजे तेच ताट, तेच तांदूळ, तीच अंगठी. माझी जागा भरून टाकली, पाटीसुद्धा न बदलता.

आता मला दाखला दिला तर कागदावर दोन विजयमाला उभ्या राहतात. म्हणून दाखला नाही. "तुजं काय अडलंय? मिळवती हैस. त्येच्या पोटावर पाय दिऊ नगंस," म्हणाल्या.

उठताना त्या पोरीला विचारलं, "आधीचं नाव काय तुझं?"

तिनं आधी सासूकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "रंगू."

"मी आहे हे ठाऊक होतं?"

"न्हाई. पयली मेली म्हून सांगितलं हुतं."

चहा न घेता निघाले. रंगू दारापर्यंत आली, चप्पल धुवायला तांब्या पुढं केला. मी घेतला नाही. तिच्यावर कशाला राग काढला? पण काढला.

२३ ऑगस्ट

मेलेली बाई आज ड्युटीवर गेली. दिवसभर इंजेक्शनं दिली. कुणाला फरक कळला नाही.

५ सप्टेंबर

मेट्रनबाईंना विचारलं, अनुभवाचं पत्र माहेरच्या नावानं मिळेल का? "सिस्टर शेलार, रजिस्टरला आहे तेच नाव मी देणार." वाईट नाहीत त्या. खोटं लिहीत नाहीत इतकंच. खोटं लिहिणारे सगळे नेमके माझ्या सासरी भरलेत.

वकील म्हणतो, नवऱ्यावर दावा लावा, कोर्टात आपोआप सिद्ध होईल. किती वर्षं? त्यावर त्यानं पंख्याकडे बघितलं.

१९ सप्टेंबर

वहिनी भाऊसोला सांगत होती, मी स्वयंपाकघरात आहे हे माहीत असून — "ह्यास्नी जायाचं नसंलच मनातनं. न्हाईतर नवऱ्याला सोडचिट्टी दिऊन कवाच मोकळ्या झाल्या आसत्या." भांडी जरा जोरात आपटली मी. त्यापलीकडे काय करणार? घर तिचं आहे.

जायचंय मला. इतकं जायचंय की एसटी स्टँडवर कुठलीही गाडी सुटली तरी चार पावलं तिच्यामागं जाते.

८ ऑक्टोबर

दिल्लीचं स्मरणपत्र. पुरावा कधी पाठवता? वर्षअखेरपर्यंत टपालात पडलेला चालेल.

१० ऑक्टोबर

भाऊसोला शेवटी सगळं सांगितलं. तो तापला. "पलटणीच्या साहेबाला लिव. तुजा फोटू हाय, सई हाय तिथं. त्येची नोकरीबी जाईल आन् तुजा दाखलाबी मिळंल. दोन्ही कामं हुत्यात."

खरं आहे. मला हे सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं, म्हणूनच त्याला इतके दिवस सांगितलं नव्हतं.

२ नोव्हेंबर

पत्र लिहिलं साहेबांना. फाडलं. पुन्हा लिहिलं. जोतीरामची दया येत नाही, देवाशपथ येत नाही. त्या तान्ह्याचं डोकं आठवतं. टाळू अजून भरली नव्हती. नर्स असल्याचा हा एक तोटा.

२१ नोव्हेंबर

पाकीट पर्समध्ये आहे. तिकीट लावलंय. पेटीपर्यंत जाते आणि परत येते. कुणी बघितलं तर वाटेल, प्रेमपत्र आहे.

४ डिसेंबर

लढाई सुरू झाली. भाऊसोच्या रेडिओभोवती गल्ली गोळा झालीय. जोतीरामची पलटण सीमेवरच असणार.

झालं! आता सीमेवरच्या माणसाविरुद्ध पत्र कसं टाकू? तीन वर्षं तो माझ्याशी असा वागला, आणि ऐन वेळी लढाईसुद्धा त्याच्याच बाजूनं उभी राहिली. पाकीट ट्रंकेत टाकलं, फोटोच्या खाली.

१७ डिसेंबर

लढाई संपली. आपण जिंकलो. दवाखान्यात पेढे वाटले. मीही खाल्ला. मनात एकच, वर्ष संपत आलं. राजमतीला दोन ओळी लिहिल्या — माझी वाट बघू नकोस.

२९ डिसेंबर

ड्युटीवरून आले तर आत्याबाई पायरीवर बसलेल्या. न मागता कागद पुढं केला. केरबा सरपंचाची सही, शिक्का, पंचांचे अंगठे — हरणा आणि विजयमाला ही एकच बाई असून आम्ही तिला समक्ष ओळखतो. मग कनवटीची तार काढली. जोतीराम गेला. लढाई संपता संपता.

"पलटणीत फोटू तुजा, सई तुजी. रंगीचा नुसता आंगठा. पेन्शनीला तूच लागतीस. पर परदेशी जायाचं न्हाई. शप्पत घे."

शपथ घेतली नाही. पेन्शन त्या पोराला मिळावी म्हणून जिथं सांगतील तिथं सही करीन, पण दाखला उद्या दिल्लीला जाईल, हे त्यांना तोंडावर सांगितलं. मला रडू आलं नाही. यायला हवं होतं.

रंगूही बरोबर आली होती, भिंतीला टेकून उभी, पोर कडेवर. कपाळावर कुंकू तसंच. सासूनं पुसू दिलं नव्हतं, रडू दिलं नव्हतं. चौकशीला साहेब आले तर ती घरातली भाची आहे असं सांगायचं, म्हणून. मी तिला आत घेतलं, आतून कडी लावली आणि म्हटलं, "रंगू, रड आता."