पाठमोरं उलथनं

४ जून

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद. रीत म्हणून लिहिले आहेत.

तुझ्या जुन्या वस्तूंच्या संग्रहाचा पेपरात आलेला फोटो माझ्या शिलाईच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने आणून दाखवला. कंदील, इस्त्र्या, उलथन्यांची रांग आणि मधोमध आपल्या घरचं उलथनं! खाली चिठ्ठी : ‘आईचं उलथनं. माउलीच्या हाताने झिजलेलं.’ वाचून डोकं फिरलं.

आईच्या मागे घर रिकामं करताना ते मी स्वतः भंगारात टाकलं होतं. मला न विचारता तू उचललंस कसं? मुकाट्याने परत पाठव.

यांचा गुडघा अजून कुरकुरतोच आहे. लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

तुझी ताई

११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून संताप आला. भंगारात टाकलेल्या वस्तूवर तुझा कसला हक्क? मुळीच पाठवणार नाही.

छापखान्याला सुट्टी असली की मी जुन्या बाजारात असतो. बायको मला भंगारवाला म्हणते, म्हणू दे. कंदिलाची काच पुसताना हा कुणाच्या घरात जळला असेल, या विचारातच माझी दुपार सुखात जाते. झीज बघून मी माणूस ओळखतो. उलथन्यांचीच रांग घे. सगळी एकाच कोपऱ्याला झिजली आहेत, कारण खरवडणारा हात उजवा. येणाऱ्याजाणाऱ्याला मी हे हौसेने दाखवतो.

आईची वस्तू तू फेकलीस, मी जपली. वर मलाच दटावतेस? आईने तुझं असं काय घोडं मारलं होतं?

राग आवरलास तर लोभ ठेव.

धाकटा

१७ जून

चि. धाकट्या,
आशीर्वाद या खेपेला राहू देत.

झीज बघून माणूस ओळखतोस? मग फोटोत आपल्याच उलथन्याचं तोंड भिंतीकडे का? मी सांगते. ते एकटंच दुसऱ्या कोपऱ्याला झिजलेलं, रांगेत विचित्र दिसत होतं. म्हणून तू ते पाठमोरं टांगलंस, म्हणजे झीज इतरांच्याच बाजूला दिसेल. सरळ कर आणि नीट बघ. आई उजव्या हाताची होती. घरात डावरी एकच.

तू पाळण्यात होतास तेव्हा आईने दम्याने अंथरूण धरलं. सातवीतून माझं नाव काढलं आणि ते उलथनं हातात दिलं. तू दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागलास, त्या वर्षी माझं लग्न झालं. पुढे आई उठली. तिच्या हाताला ते बसेना, म्हणून तिने नवं आणलं आणि हे खुंटीवर राहिलं.

मला शाळा फार आवडायची रे. ते उलथनं भंगारात गेलेलं मला चाललं असतं. आईच्या नावावर गेलेलं चालणार नाही.

तुझीच, पण रागावलेली,
ताई

२३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उलथनं सरळ केलं. तू म्हणतेस तसंच निघालं. रांग बिघडत होती म्हणूनच मी ते फिरवलं होतं. एवढा मोठा जाणकार मी, स्वतःच्या बहिणीचा हात ओळखला नाही.

तरी माझाही राग आहेच. इतकी वर्षं एका शब्दाने बोलली नाहीस. लहानपणची आईच्या हातची चव म्हणून मी मोठेपणी घरभर मिरवायचो, तेव्हा माहेरी आलेली तू हसून पानं वाढायचीस.

चिठ्ठी काढून टाकली. ‘ताईचं, प्रेमाने झिजलेलं’ असं लिहून पाहिलं, पण मलाच ते खोटं वाटलं. उलथनं सोबत आहे. जाळ, मोड, काय वाटेल ते कर.

लोभ मागायला तोंड नाही.

धाकटा

३० जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. फेकायलाच हातात घेतलं, तर मेलं अजून नेमकं बसतं! त्याच रागात तवा ठेवला. यांनी दोनदा मागून खाल्लं आणि ‘आज खरा हात लागलाय तुझा’ म्हणाले.

परत पाठवते आहे. सरळ टांग. रांग बिघडली तर बिघडू दे. चिठ्ठीवर प्रेमबिम नको. प्रेम आहे का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. लिही : ‘हे सातवीतल्या एका मुलीचं. ती डावरी होती.’

चिठ्ठी लावलीस की कळव, मी बघायला येईन. लोभाचं तिथेच बोलू.

तुझी ताई